बंद राहिलेल्या मोटारसायकलीचा कार्ब्युरेटर : दोष ओळखावा कसा व दूर करावा कसा

सराफ्यातील कोणत्याही जुन्या वाड्याच्या जिन्याखाली डोकावले, तर जुन्या पेट्या, तांब्याची घंगाळे आणि मोडक्या पाळण्याच्या संगतीत एखादी मोटारसायकल धूळ खात उभी असलेली पुष्कळदा दिसते. कोणाची बुलेट, कोणाची जावा, कोणाची राजदूत. घरातील कर्ता पुरुष तिच्यावरून पेढीवर जात असे. तो गेला, किंवा त्याचे वय झाले, आणि गाडी जिन्याखाली गेली. मग कधीतरी घरातील तरुणाला तिची आठवण होते. तो कापडाने धूळ पुसतो, टाकीत पेट्रोल ओततो आणि किक मारू लागतो. पन्नास किका झाल्या, पाय भरून आला, तरी गाडी सुरू होत नाही. तेव्हा तो एकच निष्कर्ष काढतो की इंजिन गेले.

आमच्या गल्लीतील एका घरी नेमके असेच झाले. २०२० च्या टाळेबंदीनंतर मुलाने वडिलांची राजदूत बाहेर काढली. एकामागून एक दोन कारागिरांनी ती पाहिली व इंजिन उघडावे लागेल असे सांगितले. खर्च ऐकून मुलाने भंगारवाल्याला बोलावले. आई एवढेच म्हणाली, "विकायचीच तर चालती करून विक. बंद गाडी भंगारात देऊ नकोस." त्या गाडीत काय बिघडले होते ते या पाठाच्या अखेरीस सांगेन. तोवर वाचकांनी स्वतःच तर्क करीत यावे.

ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत कार्ब्युरेटरवर लेख कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. त्याला माझे उत्तर असे की, आपल्यातील पुष्कळांचा व्यवसाय तोलामापाचा आहे आणि कार्ब्युरेटर हेही एक मापच आहे. ही एक गोष्ट मनात ठसली की बाकीचा पाठ सोपा आहे.

कार्ब्युरेटर काय करतो

एक लिटर पेट्रोल नीट जळण्यास सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. वजनाने पाहिले तर पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारे पंधरा भाग. हवा कमी पडली तर काळा धूर निघतो व प्लग काजळतो. हवा जास्त झाली तर इंजिन तापते, खोकते आणि बंद पडते. हे प्रमाण क्षणोक्षणी राखण्याचे काम कार्ब्युरेटर करतो. इंजिन श्वास घेते तेव्हा हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते. नळी अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो व दाब घटतो, हे व्हेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली मांडले होते. त्या घटलेल्या दाबामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक भोकांतून वर ओढले जाते व हवेत फवारले जाते. अत्तराच्या फवारणीच्या बाटलीत जे घडते तेच येथे घडते. असा फवारणीचा कार्ब्युरेटर १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाख याने, तर बुडापेस्ट येथे बांकी व चोंका या जोडीने तयार केला. त्याचे मूलतत्त्व पुढे शंभर वर्षे बदलले नाही.

आता त्याचे मुख्य भाग पाहू. खालच्या वाटीत एक तरंगता फ्लोट असतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतील बॉल-कॉकप्रमाणे वाटी भरली की तो एका निमुळत्या सुईने वाट बंद करतो. वाटीतील पेट्रोल दोन पितळी जेटांतून वर जाते. पायलट जेट लहान. गाडी उभी असताना व अगदी कमी रेसवर इंजिनाला हाच पोसतो. मेन जेट मोठा. रेस भरपूर दिली की त्याचे काम सुरू होते. दोन्हींच्या मधल्या पल्ल्यात, स्लाइडला टांगलेली लांब निडल वरखाली होऊन पेट्रोलचे प्रमाण ठरवते. थंड इंजिन सुरू करताना पेट्रोल जास्त हवे, म्हणून चोक असतो.

इंदूरजवळच्या पिथमपूर येथे ज्या कायनेटिक होंडा स्कूटरी तयार होत असत, त्यांतही कार्ब्युरेटरच होता. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि जवळजवळ सर्व नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्यामुळे कार्ब्युरेटर हाताळणारे हात आता कमी होत चालले आहेत. जुनी गाडी ज्याच्या घरी आहे त्याने ही विद्या थोडी तरी शिकून ठेवावी, ती यासाठी.

गाडी उभी राहिल्याने काय होते

कित्येकांचा असा समज असतो की न वापरलेली वस्तू झिजत नाही. पेट्रोलच्या बाबतीत हा समज खोटा आहे. पेट्रोल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण. त्यातील हलका, चटकन पेटणारा भाग आधी उडून जातो. जे उरते त्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो व पुढे तो वार्निशासारखा वाळतो. वाटीतील चार चमचे पेट्रोल असे वाळले की सर्वांत बारीक भोक प्रथम बुजते, आणि ते भोक पायलट जेटचे. राजदूत व जावा यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले असते. पेट्रोल उडून जाते, ऑइल मागे राहते व चिकटपणात भर घालते.

अलीकडे यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आपल्या देशात विक्रीस आले व २०२५ पर्यंत ते सर्वत्र मिळू लागले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पावसाळाभर गाडी उभी राहिली व ओल प्रमाणाबाहेर गेली, की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. कॉकचे तोंडही तेथेच असते. जुन्या गाड्यांची रबरे व कार्ब्युरेटरचा धातू इथेनॉलचा विचार करून निवडलेला नव्हता. रबर फुगते किंवा तडकते आणि वाटीत पांढरी भुकटी जमते.

पाना हाती घेण्यापूर्वी

सराफ्यात दिवसा सोनाराची शेगडी पेटलेली असते आणि रात्री पेढ्या बंद झाल्या की गराडू, जिलेबी व भुट्ट्याच्या किसाच्या कढयांखाली मोठे जाळ लागतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते आणि जिन्याखाली किंवा तळघरात साचते. म्हणून हे काम जिन्याखाली करू नये. गाडी ढकलत मोकळ्या जागी न्यावी, दिवसाउजेडी काम करावे व जवळपास शेगडी, उदबत्ती, विडी काही नसावे. पेट्रोल धातूच्या भांड्यात काढावे. वाळूची बादली शेजारी ठेवावी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकू नये, कारण ते पाण्यावर तरंगत आग पसरवते. जुने पेट्रोल गटारात ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून ते गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावे.

आधी परीक्षा, मग उपचार

वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. तसेच येथेही कार्ब्युरेटर एकदम खोलू नये. पुढील क्रमाने पाहत जावे.

१. प्लग काढून त्याच्या भोकातून इंजिन ऑइलचे काही थेंब आत सोडावेत आणि चावी बंद ठेवून किक हाताने सावकाश दाबावी. इंजिन फिरत असेल तर उत्तम. अडकले असेल तर जोर करू नये. ऑइल रात्रभर मुरू द्यावे. फोर-स्ट्रोक गाडी असेल तर इंजिनातील ऑइलही बदलावे.

२. टाकीतील पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून उजेडात धरावे. ताज्या पेट्रोलचा वास तीव्र असतो, शिळ्याचा वार्निशासारखा येतो. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. गंजाचे कण दिसले तर टाकी व कॉकची जाळी साफ केल्याविना पुढे जाऊ नये. नाहीतर आज साफ केलेला जेट उद्या पुन्हा बुजेल.

३. ताजे पेट्रोल घालून कार्ब्युरेटरकडची नळी सोडवावी व कॉक उघडावा. धार सतत पडली पाहिजे. सुरुवातीला पडून थांबत असेल तर टाकीच्या झाकणातील हवेचे बारीक छिद्र बंद आहे असे समजावे.

४. ठिणगी पाहावी. प्लग टोपीत बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे, पण प्लगच्या भोकापासून दूर, कारण तेथून पेट्रोलची वाफ येते. किक मारल्यावर निळसर, ठळक ठिणगी पडली पाहिजे. न पडल्यास दोष प्लग, पॉइंट किंवा वायर यांत आहे. त्या वेळी कार्ब्युरेटरला हात लावणे व्यर्थ.

५. एअर फिल्टर उघडून पाहावा. जिन्याखालच्या गाडीत उंदराने घर केल्याची उदाहरणे आहेत.

एवढे सर्व ठीक असेल तरच संशय कार्ब्युरेटरवर येतो. तो कोणत्या भागावर घ्यावा हे गाडीची लक्षणेच सांगतात. पुष्कळ किका मारूनही प्लग कोरडाच निघाला, तर फ्लोटची सुई डिंकाने चिकटून वाट बंद झाली आहे. उलट कॉक उघडताच खालून पेट्रोल गळू लागले, तर सुई नीट बसत नाही किंवा फ्लोट फुटून त्यात पेट्रोल भरले आहे. चोक ओढून गाडी सुरू होते पण चोक सोडताच बंद पडते, तर पायलट जेट बुजला आहे. बंद राहिलेल्या गाड्यांत हाच दोष सर्वांत अधिक आढळतो. उभ्याने नीट चालते पण रेस देताच घुसमटते, तर मेन जेट पाहावा. रेस आपोआप चढते व उतरत नाही, तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबर किंवा पॅकिंग तडकून बाहेरची हवा आत जात आहे, अथवा स्लाइड किंवा तार अडकली आहे. काळा धूर व ओला काळा प्लग असेल, तर चोक अडकला आहे, फिल्टर बुजला आहे किंवा वाटीतील पेट्रोलची पातळी चढली आहे.

खोलणे व साफ करणे

कॉक बंद करून कार्ब्युरेटर उतरवावा. पांढरे फडके अंथरून त्यावर एकेक भाग काढलेल्या क्रमाने मांडावा. दागिना उसवताना कारागीर जसा प्रत्येक मणी ओळीने ठेवतो, तसे. दोन गोष्टी कागदावर टिपून ठेवाव्यात. पहिली, हवेचा स्क्रू हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेरे घेतो. पुष्कळ गाड्यांत ते दीडच्या आसपास असतात, पण आपल्या गाडीचा आकडा तोच खरा. दुसरी, निडलची क्लिप कितव्या खाचेत आहे. ही टिपणे नसली तर जोडताना सगळा अंदाजाचा कारभार होतो. पितळ मऊ असते, म्हणून जेट काढताना खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू-ड्रायव्हर वापरावा. काही जुन्या कार्ब्युरेटरांत पायलट जेट बाहेर निघत नाही. तेथे बळजबरी न करता तो जागीच साफ करावा.

रबरे, पॅकिंग व फ्लोट बाजूला ठेवून पितळी भाग बाजारात मिळणाऱ्या कार्ब्युरेटर-क्लीनरमध्ये भिजवावेत. मग सायकलच्या पंपाने किंवा कॉम्प्रेसरने प्रत्येक भोकातून हवा मारावी व जेट उजेडाकडे धरून पाहावा. भोक पूर्ण गोल दिसले पाहिजे. कडेला धूसर कडी दिसली तर डिंक अजून आहे. पुन्हा भिजवावे. एवढ्यानेही न निघाल्यास नायलॉनचा बारीक धागा किंवा विजेच्या वायरीतील तांब्याची एकच काडी हलकेच फिरवावी.

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाची सूचना. जेटमध्ये सुई, सेफ्टी पिन, पोलादी तार किंवा ड्रिल कधीही घालू नये. जेटचे भोक नुसते भोक नाही, ते माप आहे. अमाल कंपनीच्या जेटवरचा आकडा तर त्यातून मिनिटाला किती घनसेंटिमीटर द्रव जातो हेच दाखवतो. समजा पायलट जेटचे भोक ०.४० मिलिमीटर आहे आणि सुईने कोरल्यामुळे ते ०.४४ झाले. फरक केसाहूनही कमी, डोळ्याला दिसणारही नाही. पण व्यास दहा टक्के वाढला की भोकाचे क्षेत्र एकवीस टक्के वाढते आणि पेट्रोलही साधारण त्याच प्रमाणात जास्त जाते. सराफाच्या काट्यात गुंजेचा फरक चालत नाही, आणि वजन मळले म्हणून कोणी ते कानशीने घासत नाही. मळ जाईल, पण त्याबरोबर वजनाचा खरेपणाही जाईल. ज्या जेटचे भोक कोरले गेले तो कितीही चमकला तरी फेकून द्यावा व त्याच आकड्याचा नवा घ्यावा. नव्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे मिश्रण किंचित फिके होते हे खरे. पण त्यावरही उपाय हाताने भोक वाढवणे हा नसून जाणकाराला विचारून पुढच्या आकड्याचा जेट घालणे हा आहे.

सराफ्यातील वाचकांसाठी आणखी दोन गोष्टी. कार्ब्युरेटरचे अंग जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. सोने शुद्ध करावयाच्या तेजाबात ते बुडवले तर खाल्ले जाईल. चिंच-लिंबाचा मोहही टाळावा. मात्र दागिने धुण्याचे ध्वनिकंपनाचे यंत्र आता कित्येक पेढ्यांवर असते, ते या कामी फार उपयोगी पडते. त्यात फक्त पाणी व साबणाचे सौम्य द्रावण घालावे. पेट्रोल किंवा थिनर मुळीच घालू नये, कारण यंत्र द्रव तापवते. नंतर हवा मारून प्रत्येक वाट कोरडी करावी.

जोडणे व लावणे

पॅकिंग व रबरी वॉशर नवे घालावेत. फ्लोट कानाशी हलवून आत द्रव खळखळतो का ते ऐकावे. स्लाइडची खालून कापलेली बाजू एअर फिल्टरकडे असावी. हवेचा स्क्रू टिपलेल्या फेऱ्यांवर ठेवावा. गाडी सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटे इंजिन तापू द्यावे व मगच आयडलिंग लावावे. हवेचा स्क्रू थोडाथोडा फिरवत जेथे इंजिन सर्वांत सरळ व वेगाने चालते तेथे थांबावे, आणि मग आयडलिंगच्या स्क्रूने रेस कमी करावी. थंड इंजिनावर लावलेले आयडलिंग दुसऱ्या चौकापर्यंतही टिकत नाही. स्लाइड झिजून खुळखुळत असेल किंवा अंगाला खड्डे पडले असतील, तर घरगुती उपाय संपले असे जाणून अनुभवी कारागिराकडे जावे.

पुन्हा हा प्रसंग येऊ नये म्हणून

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर शेवटच्या दिवशी कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, व वाटीच्या स्क्रूतून उरलेले पेट्रोलही काढून टाकावे. पाच मिनिटांचे काम, पण वाटी कोरडी राहते व डिंक धरण्यास काही उरत नाही. जास्त काळ उभी ठेवावयाची असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून ऑइलचा हात फिरवावा. आणि महिन्यातून एकदा किक मारून दोन मिनिटे चालवणे म्हणजे गाडी जपणे, असे समजू नये. इंजिन पुरते तापेल इतकी ती रस्त्यावर फिरवून आणावी.

आता त्या राजदूतविषयी. ठिणगी चांगली होती, धार सतत पडत होती, इंजिन मोकळे फिरत होते. चोक ओढला की ती दोन क्षण बोले व चोक सोडताच गप्प होई. वाचकांनी ओळखले असेलच. पायलट जेट उजेडाकडे धरला तेव्हा त्यातून काहीच दिसले नाही. रात्रभर तो क्लीनरमध्ये राहिला, सकाळी पंपाची हवा मारली आणि त्यात मोहरीहून कितीतरी लहान असा एक प्रकाशाचा ठिपका दिसला. इंजिन उघडावे लागले नाही. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली तेव्हा आई आवाज ऐकून आतून दाराशी आली व काही न बोलता उभी राहिली.

मुलाने गाडी विकली नाही. भंगारवाला पुन्हा विचारावयास आला होता. त्याला चहा देऊन परत पाठवले.